गाडीला एक न्याय, कांद्याला दुसरा

पुण्याहून नाशिककडे जाताना चाकणच्या तळेगाव चौकात अडकले नाही, असं गेल्या दहा वर्षांत क्वचितच झालंय. माझं माहेर चाकणच्या पुढे, भामा नदीच्या काठावर, आणि सासर चिंचवडला. त्यामुळे या चौकात ताटकळणं आता अंगवळणी पडलंय. एका संध्याकाळी अशीच थांबले होते. पुढे नव्याकोऱ्या मोटारी दोन मजली चढवलेला लांबलचक ट्रेलर, आणि त्याला खेटून कांद्याच्या गोण्यांनी खच्चून भरलेला टेम्पो. दोघांचीही तोंडं तळेगाव रस्त्याकडे, म्हणजे मुंबईच्या बाजूला. चाकणमध्ये बनलेल्या मोटारी वर्षानुवर्षं पार मेक्सिकोपर्यंत गेल्या आहेत. इकडचा कांदा दुबईला जातो, कोलंबोला जातो, मलेशियाला जातो. एकाच तालुक्याच्या मातीवर तयार झालेले दोन माल, रस्ता एक, समुद्रही एकच. पण मोटारी पाठवणाऱ्याला एक खात्री होती: माल जहाजावर चढेपर्यंत देशाचा कायदा बदलणार नाही. टेम्पोतला कांदा ज्याचा होता, त्याला ती नव्हती.

जागतिकीकरणाने खेड्यांचं भलं झालं की वाटोळं, यावर आपल्याकडे तीस वर्षं वाद चाललाय. १९९१ चं नवं आर्थिक धोरण आलं तेव्हा मी शाळेत होते. १ जानेवारी १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली तेव्हा कॉलेजात. दोन्ही बाजूंची भाषणं तेव्हापासून ऐकतेय. एक बाजू म्हणते, जग गावात घुसलं आणि गाव बुडालं. दुसरी म्हणते, कारखाने आले, रस्ते आले, पोरांच्या हाताला काम मिळालं. माझ्या डोळ्यांसमोर जे घडलं ते या दोन्हींत बसत नाही. आमच्या गावाला जगाशी व्यवहार करण्याची भीती कधीच नव्हती. आमचं दुखणं वेगळं आहे. गावात जे जगाला हवं होतं, जमीन, पाणी, स्वस्तातले हात, त्याला दार सताड उघडं राहिलं. गावाला जे जगाला विकायचं होतं, त्या दाराची कडी मात्र दिल्लीच्या हातात राहिली, आणि ती कधी लागेल हे कुणी सांगेना.

हे मी कारखान्यांवरच्या रागातून लिहीत नाही. माझ्या घरात येणारा पगार मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यातून येतो. माझ्या मुलांची फी त्याच पगारातून गेली. म्हणूनच गाडीला मिळणारी वागणूक आणि कांद्याला मिळणारी वागणूक मला शेजारीशेजारी ठेवून बघता येते.

चाकणला हा विचार नवा नाही. स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात जागतिक टपाल संघटनेत अधिकारी असलेले शरद जोशी ती नोकरी सोडून आले आणि चाकणजवळ आंबेठाणला त्यांनी कोरडवाहू जमीन घेतली. स्वतः शेती करून पाहिली आणि हिशोब मांडला, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की शेतकरी आळशी किंवा अडाणी म्हणून गरीब नाही. त्याच्या मालाचा भाव ठरवून पाडला जातो म्हणून तो गरीब आहे. चाकणच्या कांदा बाजारातून १९८० च्या सुमाराला जे आंदोलन उभं राहिलं, पुणे-नाशिक रस्ता अडवला गेला, त्याच्या मुळाशी हा हिशोब होता. 'भीक नको, हवे घामाचे दाम' ही घोषणा माझ्या वडिलांनी आमच्या गोठ्याच्या भिंतीवर गेरूने लिहिली होती. भिंत पडेपर्यंत ती पुसट का होईना, दिसत होती.

पुढे नव्वदच्या दशकात जागतिक व्यापार खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावावरून देशभर काहूर उठलं, तेव्हा शेतकऱ्यांचे बहुतेक नेते विरोधात गेले. जोशींनी त्याचं स्वागत केलं. कांद्यासाठी तुरुंगात गेलेला माणूस खुल्या जागतिक व्यापाराच्या बाजूने उभा राहिला, हे पुष्कळांना तेव्हा पचलं नाही. माझ्या वडिलांनाही नाही. पण जोशींचं म्हणणं सरळ होतं: सरकार आपल्या शेतकऱ्याला मदत करतं हा समज चुकीचा आहे, सगळा जमाखर्च मांडला तर ही 'उणे सबसिडी' आहे. त्यांच्या सगळ्याच मतांशी मी सहमत नाही, खाली ते येईलच. पण हा एक मुद्दा नंतर आकड्यांनीही सिद्ध झाला. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना, म्हणजे ओईसीडी, आणि दिल्लीतली इक्रिअर ही संस्था यांचा भारतीय शेतीधोरणावरचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. खतं, वीज, पाणी यांवरची अनुदानं जमेला धरूनही २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतकऱ्याला मिळालेला आधार उणे निघाला, आणि तोही शेतीच्या एकूण मिळकतीच्या सरासरी सुमारे १४ टक्के. थोडक्यात, त्याच्या हातावर काही ठेवलं गेलं आणि खिशातून त्याहून जास्त काढलं गेलं. काढण्याचं मोठं साधन म्हणजे निर्यातबंदी.

आता २०२३ चा ऑगस्ट सांगते, कारण तो मी घरात बसून पाहिलाय.

त्या वर्षी अधिक श्रावण होता, त्यामुळे नागपंचमी उशिरा आली, २१ ऑगस्टला, सोमवारी. मी शनिवारीच माहेरी गेले. कांदा साठवायची आमची बराखी घराच्या मागे आहे: बांबूचा सांगाडा, बाजूंना तुराट्यांचे कूड, वर उसाचं पाचट. कुडातून वारा खेळला पाहिजे आणि पाऊस आत येता कामा नये, ही सगळी कला. एप्रिलमध्ये काढलेला गरवा कांदा त्यात ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत टिकतो, नशीब चांगलं असेल तर दिवाळीपर्यंत. पण टिकतो म्हणजे आपोआप टिकत नाही. पाऊस लागला की दर आठ-दहा दिवसांनी कांदा निवडावा लागतो. आई आणि वहिनी पाटावर बसून एकेक कांदा बोटांनी दाबून बघत होत्या. मानेशी मऊ लागला की बाजूला, कोंब आलेला दुसऱ्या ढिगात, काजळी धरलेला पुसून तिसऱ्या. सडलेल्या कांद्याचा वास एकदा नाकात बसला की जेवताना हाताला येतो, साबणाने जात नाही. मी पण बसले. तासाभरात माझी बोटं काळी झाली. आई म्हणाली, "तू कशाला बसलीस, सणाला आलीस ना?" आणि लगेच पुढचा ढीग माझ्याकडे सरकवला.

भाऊ त्या दिवशी चाकणच्या बाजारातून आला होता, शनिवारचा बाजार. भाव बऱ्यापैकी मिळाला म्हणून खुश होता. निम्मी बराखी रिकामी करायची, निम्मी दसऱ्यापर्यंत ठेवायची, असा त्याचा बेत. फेब्रुवारी-मार्चमध्ये कांद्याचे जे हाल झाले होते त्यात अंगावर बसलेलं कर्ज या भावात फिटणार होतं. रात्री टीव्हीवर बातमी आली: कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क, लगेच लागू. सोमवारी नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांनी लिलाव बंद ठेवले. आमच्याकडे पुरण शिजत होतं आणि भाऊ बराखीसमोर फोनवर होता. व्यापारी म्हणत होता, आता काय भाव निघेल ते मलाच ठाऊक नाही, आणायचा तर आण. भावाने पुढच्या तीन बाजारांत सगळा कांदा काढून टाकला. घाबरून काढला. ऑक्टोबरात भाव खरंच वर गेले, तेव्हा बराखीत उंदीर फिरत होते.

त्याचं काय चुकलं? त्याने पाऊस ओळखला होता, बाजार ओळखला होता, कांदा जपला होता. फक्त दिल्लीतल्या एका खात्याच्या मनात शनिवारी संध्याकाळी काय येणार, हे त्याला ओळखता आलं नाही.

आणि हे एकदा झालेलं नाही. २९ सप्टेंबर २०१९ ला निर्यातबंदी, ती उठली १५ मार्च २०२० ला. मग १४ सप्टेंबर २०२० ला पुन्हा बंदी, उठली १ जानेवारी २०२१ ला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे त्याहून कमी भावाने बाहेर विकायला मनाई, आणि ८ डिसेंबरपासून संपूर्ण बंदी. ती आधी ३१ मार्चपर्यंत होती, मग बेमुदत झाली, आणि ४ मे २०२४ ला, लोकसभेचं मतदान आमच्या जिल्ह्यात तोंडावर आलेलं असताना उठली. तीही ५५० डॉलर किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क ठेवून. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ ला ते शून्य झालं. साडेपाच वर्षांतला हा हिशोब. कांद्याचं रोप टाकल्यापासून बराखी रिकामी होईपर्यंत जवळजवळ वर्ष जातं. म्हणजे रोप टाकताना जो नियम होता तोच नियम विकताना राहील, असं या काळात कुणालाच धरून चालता आलं नाही.

यात फक्त भाव बुडत नाही, गिऱ्हाईक जातं, आणि तो तोटा मला जास्त मोठा वाटतो. बांगलादेश हे आपल्या कांद्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. २०१९ ची बंदी आली त्याच आठवड्यात बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत होत्या. भर कार्यक्रमात त्यांनी सांगितलं की मी माझ्या आचाऱ्याला जेवणात कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, आणि आधी कळवलं असतंत तर आम्ही दुसरीकडे सोय केली असती. सभागृहात लोक हसले. मला ते वाक्य ऐकून वाईट वाटलं होतं, कारण रोखीने घेणारं गिऱ्हाईक इतकंच मागत होतं की आधी सांगा. आपण सांगितलं नाही. त्यांनी इजिप्त, तुर्कस्तान, चीन, पाकिस्तान, म्यानमार अशी मिळेल तिथून सोय केली आणि स्वतःच्या देशात कांदा वाढवायला घेतला. २०२५ मध्ये आपलं शुल्क शून्यावर आलं तेव्हा पूर्वीसारखी मागणी उरली नव्हती. किराणा दुकानदाराने महिन्यातून चार वेळा न सांगता दुकान बंद ठेवलं तर गिऱ्हाईक पुढच्या गल्लीत जातं. एकदा गेलं की पाटी पुसून काढली म्हणून परत येत नाही.

मेक्सिकोच्या गिऱ्हाइकाला चाकणच्या गाडीबद्दल असा अनुभव कधी आला का? देशात गाड्या महागल्या, नोकरदाराला पहिली गाडी परवडेना, म्हणून निर्यात थांबवा, असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही. कुणी म्हटलं असतं तर उद्योगविरोधी म्हणून त्याला गप्प केलं असतं, आणि ते योग्यच झालं असतं.

इथे पुण्यातल्या माझ्या मैत्रिणी एक प्रश्न विचारतात, आणि तो खरा आहे. गाडीवाचून माणूस मरत नाही. कांदा-भाकरीवर जगणाऱ्या मजूर बाईने ऐंशी रुपयांनी कांदा कसा घ्यायचा? माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी मराठवाड्यातून आलेल्या, चाकणला खोली घेऊन राहणारी त्यांची मुलं कंत्राटी कामाला. त्यांच्यासाठी कांदा स्वस्त राहिला पाहिजे, यात मला शंका नाही. पण तो स्वस्त ठेवण्याचा खर्च कुणी उचलायचा, हा खरा प्रश्न आहे. गरिबाच्या ताटाची जबाबदारी सगळ्या समाजाची असेल, तर तो पैसा समाजाच्या तिजोरीतून यावा. आज तो एकट्या बराखीतून काढला जातो. आणि त्या स्वस्त कांद्याचा फायदा मावशींना जितका होतो तितकाच माझ्या सोसायटीतल्या दोन गाड्या असणाऱ्या घरालाही होतो. सरकारला कांदा खरेदी करता येत नाही असंही नाही. त्याच ऑगस्टमध्ये शुल्काविरुद्ध ओरड झाल्यावर क्विंटलला २,४१० रुपयांनी सरकारी खरेदी जाहीर झाली, बफर साठा तीन लाख टनांवरून पाच लाख टनांवर नेला, आणि शहरांत २५ रुपये किलोने कांदा विकला गेला. म्हणजे यंत्रणा आहे. कांदा चाललेल्या बाजारभावाने घ्या, रेशनकार्ड बघून स्वस्तात द्या, फरक अर्थसंकल्पात दाखवा. दिसू दे की गरिबाला कांदा पुरवायला देशाला किती खर्च येतो. आज तो आकडा कुठेच लिहिलेला नाही, कारण तो माझ्या भावाच्या गावातल्या कर्ज देणाऱ्या सोसायटीच्या थकबाकीत जिरलेला आहे.

दुसरा प्रश्न माझ्या नवऱ्याने विचारला होता. "कांद्याला दार उघडं मागता, मग दुधाला बंद का मागता?" ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये भारताने 'आरसेप' या मुक्त व्यापार करारातून अंग काढून घेतलं, तेव्हा माझ्या माहेरी सगळ्यांना हायसं वाटलं होतं. न्यूझीलंडची दूध पावडर बिनशुल्क आली असती तर दोन-चार गाई ठेवणाऱ्या घरांचं काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको. इथे मी जोशींच्या वाटेने सगळं अंतर चालत नाही. पण नवऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याच कारखान्यात आहे. बाहेरून तयार येणाऱ्या मोटारींवर आपण वर्षानुवर्षं ६० ते १०० टक्के आयात शुल्क ठेवलं. त्या आडोशाला चाकण, तळेगाव, रांजणगाव उभी राहिली, परदेशी कंपन्यांनीही म्हणूनच इथे येऊन कारखाने घातले. आणि बाहेर पाठवायला कसलीही आडकाठी नव्हती. आत येणाऱ्या मालावर आडोसा आणि बाहेर जाणाऱ्या मालाला मोकळीक, ही सवलत उद्योगाने दोन्ही हातांनी घेतली आणि त्यावर मोठा झाला. शेतीला बरोबर उलटं मिळालं: भाव वाढला की डाळ, तेल बाहेरून येतं, आणि कांदा बाहेर जायचा थांबतो. मी शेतीसाठी काही जगावेगळं मागत नाहीये. चाकणच्या कारखान्याला दिलंत तेच चाकणच्या कांद्याला द्या.

जगाच्या बाजारात उभं राहायची आमच्या लोकांची ताकद नाही, असंही ऐकू येतं. जुन्नरकडे जाऊन बघा. नारायणगावच्या आसपासच्या द्राक्षबागांत दहावी शिकलेला बागायतदार औषधाचा अंश किती दिवसांत उतरतो, घडात किती मणी ठेवायचे, साखर किती भरली, हे तोंडपाठ सांगतो. हे ज्ञान युरोपच्या गिऱ्हाइकाने शिकवलं, कडक शिकवलं. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला म्हणून युरोपात भारतीय द्राक्षांचे कंटेनर अडकले आणि बागायतदार कर्जात बुडाले. ते रसायन आपल्याकडे निर्यातीआधी तपासायच्या यादीतच नव्हतं. शेतकऱ्याने नियम मोडला नव्हता, त्याला नियम कुणी सांगितलाच नव्हता. सगळ्यात जास्त घाव त्यालाच बसला. तरी पुढच्या हंगामात लोक पुन्हा बागेत उतरले, यादी सुधारली, मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांना फोन करकरून त्यांनी फवारणीची वेळापत्रकं बदलली. नियम कितीही कडक असो, तो आधी कळला तर आमचा शेतकरी पाळतो. रात्रीतून येणाऱ्या नियमापुढे तो काय करणार?

आता जमिनीकडे येते. इथे मला लिहायला जड जातं.

पिकाच्या दाराला कडी असताना जमिनीचं दार मात्र सतत उघडं होतं. आधी एमआयडीसीचे टप्पे आले, एकापाठोपाठ एक. मग सेझ, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्र. आमच्या खेड तालुक्यात 'पंधरा टक्के परतावा' हे शब्द लहान पोरांनाही माहीत आहेत: घेतलेल्या जमिनीच्या पंधरा टक्के विकसित जागा मूळ मालकाला परत मिळेल, हे आश्वासन. ते पदरात पाडून घ्यायला सेझच्या गावांनी किती वर्षं मोर्चे काढले ते तालुक्यात कुणालाही विचारा. आलेल्या पैशाची लोकांनी उधळपट्टी केली, असं शहरात सर्रास बोललं जातं. काहींनी केलीही. पण मला त्या बोलण्याचा राग येतो. ज्याच्या हातात आयुष्यभर हंगामाला मिळेल तेवढाच पैसा आला, त्याला एके दिवशी पिढ्यान्‌पिढ्यांच्या कमाईची किंमत एकरकमी दिली आणि सांगितलं, आता तुझा या जमिनीशी संबंध संपला. चुकला असेल तो. पण हा व्यवहारच असा बेतलेला होता की चुकायला एकच संधी होती आणि सुधारायला एकही नाही.

संबंध संपला, या शब्दांचा अर्थ तळेगावने दाखवला. तिथे जनरल मोटर्सचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला. २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, तरी इथून परदेशी गाड्या जात राहिल्या. डिसेंबर २०२० मध्ये उत्पादन बंद झालं आणि कामगार रस्त्यावर आले. मग ऑगस्ट २०२३ मध्ये, हो, आमच्या बराखीवर संक्रांत आली त्याच महिन्यात, ह्युंदाईबरोबर करार झाला आणि जानेवारी २०२४ मध्ये व्यवहार पुरा झाला. कारखाना पुन्हा चालतो आहे याचा मला आनंद आहे. पण एमआयडीसीची जमीन ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेली असते. एका देशातल्या कंपनीकडून ती दुसऱ्या देशातल्या कंपनीकडे गेली, तेव्हा ज्यांच्या शेतांवर हे सगळं उभं आहे त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं. ९५ वर्षांचा भाडेपट्टा जर सरकारला चालतो, कंपनीला चालतो, तर शेतकऱ्याने मात्र कायमचं खरेदीखतच का द्यायचं? त्यानेही भाड्याने द्यावी. दरवर्षी भाडं, ठरावीक वर्षांनी वाढ, आणि कारखान्याने हात बदलले तर त्यातला वाटा. सातबारा त्याच्या नावावर राहू दे.

हे होऊ शकतं, पुण्यातच झालंय. हडपसरला मगर मंडळींनी, सुमारे १२० कुटुंबांनी, आपली जवळपास ४०० एकर जमीन बिल्डरला न विकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा ठेवला. २००० साली मगरपट्टा सिटी सुरू झाली. आज तिथल्या आयटी कंपन्या जगभरची कामं करतात आणि शेतकऱ्यांच्या घरात भाडं येतं. ती एका भावकीची, शहराला लागून असलेली जमीन होती, प्रत्येक गावाला ते जमेल असं नाही. त्या जमिनीवर राबणाऱ्या भूमिहीनाला त्यातून काय मिळालं, हाही प्रश्न उरतोच. पण जमीन मालकाने व्यवहारात टिकून राहायची वाट आहे, एवढं त्याने दाखवून दिलं. सरकारला ती वाट माहीत असून सरकार स्वतः जमीन घेताना त्या वाटेने जात नाही.

आणि घरातल्या घरात काय झालं तेही सांगायला हवं. महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला, केंद्राचा कायदा त्यानंतर अकरा वर्षांनी, २००५ ला आला. कायद्यात आम्ही पुढे होतो. पण जमिनीला भाव नव्हता तोवर बहिणीचं नाव सातबाऱ्यावर आहे की नाही, याकडे कुणी बघतही नव्हतं. मोबदल्याच्या नोटिसा आल्या आणि तालुक्यातल्या प्रत्येक घरात हक्कसोडपत्राचे कागद फिरू लागले. मीही सही केली आहे. दुय्यम निबंधकांच्या ऑफिसबाहेर, टपरीवर चहा घेऊन. भाऊ माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता आणि मी त्याच्या. त्याने मागितलं म्हणून दिलं, प्रेमाने दिलं, आणि तरीही त्या दिवशी माझ्या माहेराला एक किंमत लागली होती, जी आधी कधी लागली नव्हती. ज्यांनी सही केली नाही, त्यांची भाऊबीज बंद झाली. अशा चार जणी मला माहीत आहेत. बाहेरून आलेला पैसा गावात कुणाच्या हाती पडणार हे आधीच ठरलेलं असतं, म्हणून मला वाटतं की मोबदला किंवा भाडं द्यायचंच तर घरातल्या प्रत्येक हक्कदाराच्या स्वतंत्र खात्यात जावं, बायकांच्या आणि लेकींच्याही, आणि ते आल्यानंतर दोन-तीन वर्षं कुठलंही हक्कसोडपत्र नोंदवलं जाऊ नये. दरवर्षी थोडं थोडं येणाऱ्या भाड्यासाठी भाऊ बहिणीला इतक्या घाईने निबंधकांकडे नेणारही नाही.

कांद्याचंही मागणं लांबलचक नाही. रोप टाकायच्या आधी, सप्टेंबरअखेर, सरकारने वर्षभराचा नियम जाहीर करावा: देशातला भाव अमुक पातळीच्या वर गेला तर इतकं शुल्क लागेल, त्याच्या पलीकडे काही नाही, आणि पूर्ण बंदी कधीच नाही. तो नियम मधे बदलायचाच असेल तर बराखीत कांदा ठेवलेल्या माणसाला नुकसानभरपाई द्यावी, जशी कुठलाही करार मोडणाऱ्याला द्यावी लागते. शुल्क चढं असेल तर भाऊ कमी लावेल, हरभरा करेल, काहीतरी करेल. त्याला सवलत नको आहे, त्याला हिशोब मांडता यायला हवा आहे.

गेल्या महिन्यात माहेरी गेले तेव्हा रोपाची तयारी चालली होती. आई बाजारचं बी घेत नाही. दरवर्षी बराखीतले निवडक, घट्ट, पातळ मानेचे कांदे ती डोंगळ्यांसाठी बाजूला ठेवते. उन्हाळ्यात त्यांचे गोंडे वाळले की हाताने चोळून बी काढते, पाखडते, राखेत मिसळून पत्र्याच्या डब्यात ठेवते. भावाने वाफे ओढले होते. यंदा किती गादीवर टाकू, असं त्याने आईला विचारलं, आईने माझ्याकडे बघितलं, आणि मला काही सांगता येईना. मग तिने डबा उघडला, सुपात बी ओतलं आणि भावापुढे सरकवलं. मूठभर मात्र डब्यातच ठेवून झाकण लावलं. मी विचारलं तर म्हणाली, "पावसाने रोप गेलं तर परत टाकायला."